प्रोसेसर ५० टक्क्यांवर आणला म्हणून बॅटरी दुप्पट होत नाही

सध्या एक मेसेज फिरतोय: 'लॅपटॉपचा प्रोसेसर सतत पूर्ण वेगाने पळत असतो. पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन त्याची कमाल मर्यादा ५० टक्के करा. वेग निम्मा, वीज निम्मी, बॅटरी दुप्पट!' हिशेब इतका गोंडस की लगेच पटतो.

'सतत पूर्ण वेगाने पळतो.' टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि दोन मिनिटं कशालाही हात लावू नका. गिगाहर्ट्झचा आकडा, म्हणजे प्रोसेसरचा वेग, खाली येतो. ब्राउझर उघडला की उसळतो. शिवाय हा आकडा फक्त जाग्या वेळेचा. काम नसलेल्या कोअरचं (प्रोसेसरमधल्या काम करणाऱ्या प्रत्येक भागाचं) क्लॉक, म्हणजे त्याला ताल देणारा ठोकाच, थांबवलं जातं, डुलकी लांबली तर वीजही तोडतात. तुम्ही दोन अक्षरं टाइप करता तेवढ्या वेळात प्रोसेसर कितीतरी वेळा झोपून उठलेला असतो. झोपलेल्याला वेगमर्यादा घालून काय वाचणार?

'वेग निम्मा, वीज निम्मी.' गंमत म्हणजे इथे मेसेजवाल्याने स्वतःचीच बाजू कमी सांगितली. चिपमधल्या उघडझापीला (सूक्ष्म स्विच चालू-बंद होण्याला) लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, खरी बचत तिथे. इंटेलने २००० साली लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये स्पीडस्टेप हे वेग उतरवण्याचं तंत्र आणलं, तेव्हा ६५० मेगाहर्ट्झची चिप बॅटरीवर ५०० वर यायची आणि व्होल्टेज १.६ वरून १.३५. गणित करून बघा: वेग २३ टक्के घटला, ही वीज मात्र सुमारे ४५ टक्के.

मग ५० टक्के का नको? कारण व्होल्टेजला तळ असतो. तो गाठला की पुढे वेग कितीही कमी करा, व्होल्टेज हलत नाही. निम्म्या वेगाने काम दुप्पट वेळ चालतं, उघडझाप तेवढीच होते, आणि त्या जादा वेळात गळतीची वीज (स्विच स्थिर असतानाही झिरपणारी), मेमरी, स्क्रीन सगळ्यांचं मीटर चालूच. कित्येकदा काम पटकन उरकून झोपणंच स्वस्त पडतं.

'बॅटरी दुप्पट.' समजा बॅटरी ५० वॅट-तासांची आहे आणि तुम्ही नुसतं वाचत बसलात तर लॅपटॉप ५ वॅट खातोय. म्हणजे १० तास. त्यात प्रोसेसरचा वाटा १ वॅट धरा. तो पार शून्यावर आणला तरी साडेबारा तास होतात, वीस नाही. बाकीचे ४ वॅट स्क्रीन आणि इतर मंडळींचे. अशा वेळी ब्राइटनेस उतरवणं जास्त कामाचं.

मेसेजमध्ये तथ्य आहे ते टर्बोपुरतं, म्हणजे प्रोसेसर गरजेला नेहमीच्या वेगाच्याही वर पळतो त्यापुरतं. शेवटचे थोडे मेगाहर्ट्झ मिळवायला व्होल्टेज बरंच चढवावं लागतं. व्हिडिओ रेंडर करताना किंवा गेम खेळताना बॅटरी पुरवायची असेल, तर कमाल मर्यादा ९९ टक्के करा. बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर तेवढ्याने टर्बो बंद होतो.

आणि मेसेज वाचून ५० आधीच केलं असेल तर एक बघा. त्या सेटिंगमध्ये दोन रकाने असतात: 'ऑन बॅटरी' आणि 'प्लग्ड इन'. दुसऱ्यातही ५० टाकून विसरला असाल, तर चार्जर लावूनही लॅपटॉप रखडतोय तो म्हातारा झाला म्हणून नाही.