होय, मी रत्नागिरीला जातो

आमच्या राजापूर तालुक्यात कुणी जरा वेगळं वागलं की लोक म्हणतात, "ह्याला रत्नागिरीला न्यायला हवा." शाळेत असताना मीही कितीतरी जणांना हे म्हटलंय. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला ब्रिटिशांनी रत्नागिरीत आणून ठेवलं त्याच १८८६ साली तिथलं मनोरुग्णालय सुरू झालं. तिथे पिढ्यान् पिढ्या माणसं बरी होत आली आणि आपण त्या गावाच्या नावाची शिवी केली. त्या शिवीच्या भीतीने मी सव्वा वर्ष घरात बसून काढलं.

सुरुवात मोहराच्या दिवसांत झाली. पहाटे तीनला जाग यायची आणि छातीवर चिरा ठेवल्यासारखं वाटायचं. कलमांवर तुडतुडे पडलेले दिसत होते, औषध आणलेलं होतं, पंप पडवीत होता, पण मला खळ्यातून उठवत नव्हतं. अंघोळीचं पाणी काढून ठेवलेलं तसंच थंड व्हायचं. वाडीत आळशी म्हणून नाव झालं आणि मलाही ते पटलं होतं. शेवटी तर आपण नसलो तर घरच्यांचा भार हलका होईल, हा हिशेब अगदी बरोबर वाटायला लागला. तो हिशेब आजार मांडत होता, हे फार उशिरा कळलं.

आईने देवळात गाऱ्हाणं घातलं. माझे शिकलेले मित्र यावरून तिला बोलले. मी कधीच बोलणार नाही. देऊळ दहा मिनिटांवर आणि मानसोपचाराचा डॉक्टर दोन-अडीच तासांच्या एसटीवर, तर बाई आधी कुठे जाईल? आणि त्या गाऱ्हाण्यात माझा त्रास पहिल्यांदा कुणीतरी चार माणसांत मोठ्याने बोललं. तोवर घरात त्याचा विषयही निघत नव्हता. मग तिने कौल मागितला, "पोराला रत्नागिरीला नेऊ काय?" उजवा कौल झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही एसटीत होतो.

डॉक्टरांना तिने घाबरत घाबरत हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "देवाचं चालू ठेवा आजी. फक्त गोळी चुकवायची नाही."

गोळ्यांबद्दल मुद्दाम लिहितो, कारण इथेच माणसं सोडून देतात. पहिले काही दिवस तोंडाला कोरड आणि मळमळ तेवढी आली, बरं काही वाटेना. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी जास्तही. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चुलीवरच्या भाकरीचा वास आला आणि भूक लागली. आई चुलीपाशीच रडली.

चार महिन्यांनी मी मनानेच गोळी बंद केली. "आता बरा दिसतोस, कशाला ती सवय?" असं जो तो म्हणत होता. पावसाळ्यात पुन्हा पहाटेचे तीन वाजायला लागले. दुसऱ्यांदा चढणं पहिल्यापेक्षा अवघड गेलं. बरं वाटल्यावरही निदान सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि मग डॉक्टरच हळूहळू कमी करतात, हे तेव्हा नीट ऐकलं असतं तर तो पावसाळा वाचला असता. तुमच्या ओळखीत कुणी औषध घेत असेल तर कृपा करून "कधी सुटणार?" हे विचारू नका. जेवलास का, विचारा. फवारणीला येऊ का, विचारा.

आजही वाईट दिवस येतात. पण ते येतात तसे जातात, हे आता अनुभवाने माहीत आहे. यंदा बाग मी स्वतः फवारली.

ज्यांना दवाखाना लांब पडतो त्यांनी १४४१६ वर फोन करावा. टेलिमानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी मदतसेवेचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र चालू, मराठीत बोलता येतं.

गेल्या महिन्यात वाडीतले एक काका रात्री जेवणं झाल्यावर आले. बराच वेळ पावसापाण्याचं बोलले. उठताना हळूच म्हणाले, "पुढल्या खेपेला रत्नागिरीला जाशील तेव्हा सांग. आमच्या मोठ्याला घेऊन येतो." मंगळवारच्या पहिल्या गाडीने आम्ही तिघे गेलो. पोरगा खिडकीशी बसला होता.