वाट सोपी आहे म्हणून कोणी, कसेही यावे?

ताम्हिणी घाटाच्या कोकणाकडच्या पायथ्याशी, भिरा गावाहून देवकुंड धबधब्याला जाणारी वाट खरोखरच सोपी आहे आणि माझ्या संतापाचे मूळ नेमके तिथेच आहे. वीज प्रकल्पाच्या धरणाच्या काठाने सपाटीवरून चालायचे, मग रानात शिरून कुंडलिकेच्या वरच्या प्रवाहाची सोबत धरायची, वाटेतले ओढे ओलांडायचे आणि कातळकड्यावरून कुंडात कोसळणाऱ्या धारेसमोर उभे राहायचे. एवढ्यासाठी ना दोर लागतो, ना कातळारोहणाचे ज्ञान. पण चढ नाही म्हणजे धोका नाही आणि धोका नाही म्हणजे शिस्तही नको, हे जे गणित शनिवारी मध्यरात्री पुण्या-मुंबईहून सुटणाऱ्या बसगाड्यांतून इथे येऊन उतरते, त्याची आता मनस्वी चीड येते.

या सहलींचे आयोजक जाहिरातीत ‘नवख्यांसाठी उत्तम’ असे लिहितात, पैसे आगाऊ घेतात आणि त्या बदल्यात देतात काय, तर बशीभर पोहे आणि गळ्यात शिट्टी अडकवलेला एक कोवळा मुलगा, ज्याच्या भरवशावर बसभर माणसे सोडून दिलेली असतात. त्यांतल्या कित्येकांच्या पायांत चपला किंवा गुळगुळीत तळांचे बूट असतात. शेवाळलेल्या दगडावर पहिला पाय घसरला की ओढ्यापाशी रांग खोळंबते, मागचे ओरडू लागतात आणि त्याच गोंधळात कोणीतरी पाठपिशवीला लटकवलेल्या स्पीकरचा आवाज वाढवतो. पाण्याचा आवाज ऐकायला इतक्या लांब आलेल्या माणसाला वरातीतली गाणी ऐकवण्याचा अधिकार यांना कोणी दिला? रील काढण्यासाठी वाटेच्या मधोमध उभ्या राहणाऱ्यांना ‘जरा बाजूला व्हा’ म्हटले, तर ‘काका, तुमच्या मालकीची आहे का वाट?’ हे उत्तर ठरलेले. वेफर्सची पाकिटे आणि फुटक्या बाटल्या मात्र कोणाच्याच मालकीच्या नसतात. त्या गावातल्या माणसांनी वाकून उचलायच्या.

ओढ्याचे पाणी कधी चढेल, हे डोक्यावरचे आभाळ पाहून कळत नाही, कारण खरा पाऊस वर घाटमाथ्यावर पडत असतो. जुलै २०२४ मध्ये ताम्हिणीत एका दिवसात ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला. त्याहून कितीतरी कमी पावसातही सकाळी घोटाभर असलेला ओढा परतताना कमरेला लागू शकतो, हे त्या सहलीतल्या एकालाही निघण्यापूर्वी सांगितलेले नसते. त्याच वर्षी ३० जूनला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले आणि ते दृश्य साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिले. तरीही वाहत्या प्रवाहात मधोमध उभे राहून फोटो काढण्याची हौस तसूभरही कमी झालेली दिसत नाही.

मग प्रशासन आपला ठरलेला उपाय करते आणि पावसाळ्यात मनाई आदेश काढते. माणसांचा जीव जातो म्हटल्यावर त्याला दोष तरी कसा द्यावा? पण ज्यांना ओढ्याचा स्वभाव ठाऊक आहे, जे मुकाट्याने जाऊन मुकाट्याने परततात, त्यांच्यासाठीही वाट बंद होते, आणि वाटाड्याचे काम करून किंवा घरगुती जेवण देऊन चार पैसे मिळवणाऱ्या गावकऱ्यांचा ऐन हंगाम बुडतो. आयोजकांचे काय बिघडते? काही महाभाग ‘पहाटे पोलीस नसतात’ अशी खात्री देऊन बंदीतही माणसे आत नेतात, आणि उरलेले आगाऊ घेतलेले पैसे परत न करता आदल्या रात्री संदेश पाठवतात की, देवकुंड बंद आहे, काळजी नसावी, त्याच पैशांत दुसरा सोपा धबधबा दाखवू.