कुत्र्याचं नाक चुकत नाही म्हणे!

मुंबई पोलिसांच्या झंजीरचा फोटो पुन्हा फिरतोय. फुलांनी झाकलेला लॅब्राडोर आणि त्याला श्रद्धांजली वाहणारा अधिकारी. झंजीरची कामगिरी खरीच मोठी. 1993 च्या बॉम्बस्फोटांच्या तपासात 3,329 किलो आरडीएक्स, 600 डिटोनेटर, 249 हातबॉम्ब आणि 6,406 काडतुसं त्याच्या नावावर सांगितली जातात. 2000 साली हाडांच्या कर्करोगाने तो गेला. गडबड आहे ती फोटोखालच्या मजकुरात. थोडक्यात तो असा: ‘कुत्र्याचं नाक माणसाच्या लाखपट तीक्ष्ण. त्याला थेट आरडीएक्सचा, कोकेनचा वास येतो. ते कधीच चुकत नाही. कुत्र्याला लाच देता येत नाही. तरी आपली कोर्टं त्याचा पुरावा मानत नाहीत आणि गुन्हेगार मोकाट सुटतात. जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा.’

एकेक बघू.

‘लाखपट तीक्ष्ण.’ कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण 22 ते 30 कोटी, माणसाच्या 50-60 लाख. भागाकार केला तर चाळीस-पन्नासपट येतं. लाखाच्या आसपासचे आकडे ओळखता येणाऱ्या वासाच्या किमान मात्रेवरून काढलेले असतात. त्यांच्यासोबत हमखास दिला जाणारा 2006 चा प्रयोग दोन कुत्र्यांवर आणि अमिल ॲसिटेट या केळ्यासारख्या वासाच्या एकाच रसायनावर झाला होता. एका वासावरून सगळ्या वासांचा हिशेब मांडता येत नाही. काही रसायनांच्या बाबतीत माणसाचं नाक कुत्र्याच्या बरोबरीचं, क्वचित सरसही ठरलंय. कुत्र्याची खरी करामत हुंगण्यात आहे. तो सेकंदाला पाचेक वेळा हुंगतो. उच्छ्वास नाकपुडीच्या बाजूच्या चिरेतून मागे जातो, त्यामुळे समोरचा वास उडून जात नाही, उलट नवी हवा पुढून ओढली जाते. मात्र उन्हात तोंड उघडून धापा टाकायला लागला की हे यंत्र जवळपास बंद पडतं. मे महिन्यात दुपारी दोन वाजता नाकाबंदीवर उभ्या केलेल्या कुत्र्याकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

‘थेट आरडीएक्सचा, कोकेनचा वास येतो.’ इथे मात्र जरा थांबावं लागेल, कारण सगळं रसायनशास्त्र इथेच आहे.

वास यायचा तर पदार्थाचे रेणू हवेत उडायला हवेत. आरडीएक्स या बाबतीत अत्यंत आळशी. नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ हवेत असते ती लाख कोटीत काही भाग इतकीच. मग कुत्रा काय हुंगतो? बहुतेक वेळा सोबतची मंडळी: स्फटिकं बनवताना वापरलेल्या सायक्लोहेक्झॅनोनचा राहिलेला अंश, स्फोटकाला मऊपणा आणणाऱ्या प्लास्टिसायझरपासून सुटणारं 2-इथाइल हेक्झॅनॉल. टीएनटी या स्फोटकाच्या बाबतीत टीएनटीपेक्षा त्यातली डायनायट्रोटोल्यूइन ही अशुद्धी जास्त उडते. कारखान्यात बनणाऱ्या प्लास्टिक स्फोटकात तर आता वास मुद्दाम घालतात. 1988 मध्ये स्कॉटलंडमधल्या लॉकर्बी गावावर बॉम्बने विमान उडवलं गेल्यानंतर 1991 चा माँट्रियल करार झाला आणि सहज उडणारं एखादं खूण-रसायन मिसळणं बंधनकारक झालं. स्फोटक स्वतःच्याच वासाने सहज सापडत असतं तर ही उठाठेव कशाला केली असती?

कोकेनचंही तसंच. दमट हवेत ते हळूहळू फुटतं आणि मिथाइल बेंझोएट सुटतं. फ्लोरिडा इंटरनॅशनल युनिव्हर्सिटीतल्या केनेथ फर्टन यांच्या गटाने दाखवलं की कोकेनवर तयार केलेले कुत्रे प्रामुख्याने या मिथाइल बेंझोएटलाच प्रतिसाद देतात. हेरॉइनच्या वासात ॲसेटिक ॲसिड असतं, म्हणजे व्हिनेगरमधलं. एमडीएमए या नशेच्या गोळीच्या वासात पिपरोनल, जे अत्तरात सर्रास वापरतात. सायक्लोहेक्झॅनोन पीव्हीसी पाइप जोडायच्या सोल्यूशनमध्ये सापडेल.

याचा अर्थ कुत्रा प्रत्येक प्लंबरपाशी जाऊन बसेल (बसणं ही त्याची ‘सापडलं’ची खूण) असा नाही. स्नॅपड्रॅगनच्या फुलांमधूनही मिथाइल बेंझोएट सुटतं, पण फर्टन यांच्याच गटाने नंतर तपासलं तेव्हा पोलिसांचे कुत्रे त्या फुलांना फसले नाहीत. कुत्रा बहुधा एक रसायन नव्हे, रसायनांची मोट आणि त्यांचं प्रमाण ओळखतो. कोणत्या पदार्थासाठी नेमकी कोणती मोट, यावर संशोधकांचं अजून एकमत नाही. शिवाय ही ओळख कुत्रा शिकतो ती त्याला दिलेल्या नमुन्यातून. सगळे नमुने एकाच कपाटात ठेवले तर ते एकमेकांचे वास घेऊन बसतात. नमुना नेहमी त्याच पिशवीत, त्याच हातमोज्याने ठेवला तर कुत्रा पिशवी शिकतो. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात रिकाम्या पिशव्या, रिकामे डबे आणि नुसते हातमोजेही लपवतात आणि त्यांच्यापाशी बसल्यास बक्षीस देत नाहीत.

‘कधीच चुकत नाही.’ ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्सच्या लोकायुक्तांनी 2006 साली तिथल्या अमली पदार्थ शोधणाऱ्या कुत्र्यांचा अहवाल दिला. कुत्र्याने दाखवलेल्या माणसाची झडती घेतली तेव्हा माल सापडला तो 26 टक्के वेळा. उरलेले सगळे कुत्र्याचे दोष नव्हेत. हिंग संपला तरी डबीचा वास जात नाही. काल गांजा ओढणाऱ्यांच्यात बसलेल्या माणसाच्या शर्टाचंही तेच. कुत्र्याच्या हिशेबाने उत्तर बरोबर. पण झडती घेणाऱ्याचा प्रश्न ‘या क्षणी याच्याकडे माल आहे का’ हा होता. वास काल की आज, मालकाचा की शेजाऱ्याचा, हे बसलेला कुत्रा सांगत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 2005 मध्ये न्यायमूर्ती सूटर यांनी आपल्या भिन्नमतात लिहिलं की न चुकणारा कुत्रा ही कायद्याने रचलेली कल्पना आहे.

‘लाच देता येत नाही.’ या वाक्याला टाळ्या पडतात, पण कुत्रा काम करतो तेच मुळी चेंडूसाठी. बरोबर ठिकाणी बसलो की चेंडू मिळतो, एवढं त्याला माहीत. चेंडू कोणाच्या खिशात आहे हेही त्याला माहीत असतं, आणि त्या माणसाचा पट्ट्यावरचा हात जरा ताठ झाला, पाऊल एका बॅगेपाशी अर्धा क्षण रेंगाळलं, तर ते तो टिपतो.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस कॅम्पसमधल्या लिसा लिट आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याचाच प्रयोग प्रसिद्ध केला. 18 हँडलर, म्हणजे कुत्र्याला सोबत घेऊन काम करणारी माणसं, आणि त्यांचे प्रशिक्षित कुत्रे एका चर्चच्या खोल्यांत सोडले. हँडलरना सांगितलं होतं की इथे वास लपवलेले आहेत, काही जागी लाल कागदाची खूणही आहे. प्रत्यक्षात ना अमली पदार्थ, ना स्फोटक. एकूण 144 झडत्या झाल्या. कुठेही काही नसल्याने सगळ्या कोऱ्या निघायला हव्या होत्या. कोऱ्या निघाल्या 21. उरलेल्यांत मिळून 225 वेळा ‘सापडलं’ असं नोंदलं गेलं, आणि लाल कागदापाशी जास्त. कुत्रे खरंच बसले की हँडलरला तसं वाटलं, हे या प्रयोगातून वेगळं काढता येत नाही, म्हणून हँडलर मंडळी त्यावर चिडतात. पण कोर्टापुढे येतं ते हँडलरने सांगितलेलंच, त्यामुळे दोन्हींतलं काहीही झालं तरी आरोपीला सारखंच.

‘कोर्टं पुरावा मानत नाहीत.’ हे अर्धं खरं. महाराष्ट्रातून गेलेल्या एका फौजदारी अपिलात सर्वोच्च न्यायालयाने 1969 सालीच माग काढणाऱ्या कुत्र्याच्या पुराव्याला फारसं वजन देता येणार नाही असं म्हटलं. 2001 मध्ये आंध्र प्रदेशच्या एका खटल्यात ते आणखी स्पष्ट झालं: तपासात कुत्रा जरूर वापरा, दोष सिद्ध करायला नको. कारणंही सरळ आहेत. कुत्र्याची उलटतपासणी होत नाही, त्याच्या वतीने हँडलर बोलतो, आणि माणसाचं स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर टांगता येत नाही.

आता झंजीरकडे बघा. त्याने दाखवलं तिथे उघडून पाहिलं आणि माल निघाला. पंचनामा झाला, नमुने प्रयोगशाळेत तपासता आले. त्याच्या नाकावर कोणालाही विश्वास ठेवावा लागला नाही. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने याच कामगिरीच्या भरवशावर दुसऱ्याच प्रकारच्या कामाची वकिली केलीय: खुनाच्या जागेवरून माग काढणं, रांगेतून माणूस ओळखणं. तिथे कुत्रा एखाद्या दारापाशी थांबला तर उघडून बघायला काही नसतं. आपल्या बातम्यांत ‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’ असं छापून येतं, ते निदान प्रामाणिक तरी असतं.

घुटमळण्याऐवजी माणूस दाखवला की काय होतं, याचं उदाहरण फ्लोरिडात आहे. तिथल्या कोर्टांत साक्ष देणारा पेनसिल्व्हेनियाचा एक हँडलर छातीठोक सांगायचा की माझा कुत्रा कित्येक महिन्यांपूर्वीचा माग काढतो. त्याच्या साक्षीवर अनेकांना शिक्षा झाल्या. 1984 मध्ये एका न्यायाधीशाने कोर्टाबाहेर साधी चाचणी लावली, तर कुत्रा नापास. त्याच हँडलरची साक्ष ज्याच्याविरुद्ध झाली होती असा, 1982 मध्ये पहिल्यांदा दोषी ठरलेला एक माणूस डीएनए चाचणीनंतर सुटला तो 2004 मध्ये, 22 वर्षं आत काढून.