तो बिल्डिंगीतून निघणाऱ्या गाडीचा व्हिडिओ नागपूरचा नाही

राजेहो, ‘नागपूरची मेट्रो बिल्डिंगीतून निघते’ म्हणून गावच्या ग्रुपवर दोन दिवसापासून फिरून राहिलेला तो व्हिडिओ नागपूर मेट्रोचा नाही, चीनमधल्या चोंगचिंग शहरातलं लिझिबा स्टेशन आहे ते, न गाडी मोनोरेल आहे, म्हणजे एकाच बीमवर चालणारी. लोकायची घरं फोडून लाईन टाकली हेही खोटं, १९ मजली बिल्डिंग न स्टेशन सोबतच बांधलं, स्टेशनचे खांब बिल्डिंगीपासून वेगळे ठेवले म्हणून हादरे घरात जात नाहीत, न लोकं ते पाहाले मुद्दाम फिराले जातात. व्हिडिओ थांबवून खाली पाहा, दोन रूळ दिसतच नाहीत, सिमेंटची एकच बीम न तिच्यावर रबरी टायर. नागपूरची मेट्रो लोखंडी रुळावर चालते. शेजारचं लेकरू तो व्हिडिओ पाहून कालपासून नागपूरले चाल म्हणून रडून राहिलं, वाईट वाटते. आपल्या देशात मोनोरेल फक्त मुंबईत, २०१४ ले सुरू झाली, तिचं एक टोक आपल्या गाडगेबाबांच्या नावाच्या चौकात आहे.