कन्सोल घेण्यापूर्वी बाजू घ्यावी

वाचकहो, आपण बेळगावचे असा, खानापूरचे असा किंवा निपाणी-संकेश्वराकडचे असा, व्हिडिओ गेमचा कन्सोल विकत घेण्याची आपली पात्रता जन्मापासूनच सिद्ध आहे. कन्सोल घेणाऱ्याला आधी पक्ष निवडावा लागतो, त्या पक्षाने भाव वाढवला तरी त्याचे समर्थन करावे लागते आणि समोरच्या पक्षाने भाव उतरवला तर ती त्याच्या पराभवाची कबुली आहे, असे चारचौघांत ठासून सांगावे लागते. या कामाला जो सराव लागतो तो आपल्याला सीमावादामुळे १९५६ पासून आहे. पुण्याच्या मुलाला 'सोनी की मायक्रोसॉफ्ट' या प्रश्नावर घसा कोरडा करायला शिकावे लागते. आपल्याकडच्या मुलाला एक सीमा दात येण्याआधीच कळलेली असते, तिच्या शेजारी आणखी एक आखायला त्याला कितीसा वेळ लागणार?

बाजू घेताना यंत्र मात्र उघडून पाहू नये. २०१३ पासून या दोन कंपन्यांनी दिवाणखान्यासाठी काढलेल्या सगळ्या प्रमुख कन्सोलांच्या पोटात एएमडी या एकाच कंपनीची चिप आहे, आणि ही गोष्ट एकदा डोक्यात शिरली की वैर टिकवणे अवघड होऊन बसते. माझा शहापूरचा भाचा सोनीच्या बाजूचा, म्हणजे प्लेस्टेशनवाला आहे, त्याचा वडगावचा मित्र मायक्रोसॉफ्टच्या बाजूचा, म्हणजे एक्सबॉक्सवाला. दोघे एकमेकांच्या घरी जाऊन एकच फुटबॉलचा गेम खेळतात, त्यात एकाच संघासाठी भांडतात, आणि घरी परतल्यावर भाचा मला सांगतो, "मामा, त्याचं ते नुसतं डबडं आहे बघा." डबडे का, असे मी एकदा विचारले. त्यावर त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तशी नजर मी फक्त पाटीवरचे अक्षर कोणत्या भाषेत किती मोठे असावे यावरून वाद घालणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली आहे.

सैनिकाला आपल्या लढायांचा इतिहास माहीत हवा, म्हणून थोडा पाठ करून ठेवावा. १९९५ च्या मे महिन्यात लॉस एंजेलिसच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने आपला सॅटर्न हा कन्सोल ३९९ डॉलरला जाहीर केला आणि तो आजपासूनच दुकानांत मिळेल, असे सांगून सर्वांना चकित केले. त्यानंतर सोनीचे अधिकारी आपल्या पहिल्या प्लेस्टेशनचा भाव सांगायला मंचावर आले, 'दोनशे नव्व्याण्णव' एवढेच बोलले आणि खाली उतरले. रविवार पेठेतल्या मुरलेल्या दलालालाही इतक्या कमी शब्दांत समोरच्याचा भाव पाडता आला नसता. यावरून सोनी ही गरिबांची कैवारी आहे, असा निष्कर्ष आपण काढावा आणि तिथेच इतिहासाचे पुस्तक मिटावे. कारण पुढचे पान उलटले तर २००६ साल येते, त्यात प्लेस्टेशन ३ हा ४९९ आणि ५९९ डॉलरला येतो, आणि त्याच्या आदल्या वर्षी केन कुतारागी या सोनीच्याच कर्त्या माणसाने, हा कन्सोल मिळवण्यासाठी आपण जास्त तास काम करू असे लोकांना वाटावे, अशी इच्छा बोलून दाखवलेली आढळते. त्याच हंगामात निन्टेन्डो या तिसऱ्या कंपनीने २५० डॉलरला काढलेला, ताकदीने कितीतरी उणा असलेला वी हा कन्सोल पुढे दहा कोटींहून अधिक विकला गेला. हे मात्र कोणी काढले तर 'तो लहान मुलांचा खेळ आहे' असे म्हणून विषय बदलावा.

आता थोडे आर्थिक ज्ञान. दुकानात, लग्नात किंवा बसमध्ये कोणी किमतीची तक्रार केलीच, तर आपण गंभीर होऊन सांगावे, "अहो, कंपनी हे तोट्यात विकते." हे खरेच आहे. प्लेस्टेशन ३ बाजारात आला तेव्हा आयसप्लाय या संस्थेने तो सुटा करून त्याच्या भागांची किंमत काढली. ४९९ डॉलरला विकल्या जाणाऱ्या यंत्राचा खर्च ८०५ डॉलरच्या वर भरला. मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्याने तर २०२१ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात साक्ष देताना, आम्ही एकही एक्सबॉक्स नफ्यात विकलेला नाही, असेच सांगितले. हे ऐकून आपला ऊर भरून यावा. एवढी मोठी कंपनी आपल्यासाठी पदरचे घालते, आणि आपण दोन हजार कमी करा म्हणून घासाघीस करतो! पदरचे घातलेले पुढे कुठून वसूल होते, हे विचारायला जाऊ नये. कंपनीच्या ऑनलाइन दुकानात विकल्या गेलेल्या गेमच्या रकमेतील साधारण तीस टक्के तिच्याकडे राहतात, चकतीवर, म्हणजे डिस्कवर निघणाऱ्या गेममागेही तिचा वाटा असतो, आणि विकत घेतलेला बहुतेक कोणताही गेम मित्रांबरोबर इंटरनेटवरून खेळायचा तर वेगळी वर्गणी भरावी लागते. ज्यांच्या आजोबांनी निपाणीच्या तंबाखू व्यापाऱ्याकडून हंगामाआधी उचल घेतली होती आणि वजनाच्या वेळी ती कशी फेडली जाते हे पाहिले होते, त्यांना हा व्यवहार नव्याने समजावून सांगायची गरज नाही. फरक एवढाच की आजोबा उचल घेऊन येताना मान खाली घालून येत, आणि नातू खोक्यासह फोटो काढून तो स्टेटसवर ठेवतो.

चकतीवरून आठवले. २०१३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन जाहीर करताना वापरलेले गेम दुसऱ्याला देण्याघेण्यावर अटी घातल्या, आणि बरोबर सक्तीचा कॅमेरा देऊन किंमत ४९९ डॉलर ठेवली. सोनीने आपल्या प्लेस्टेशन ४ चे ३९९ सांगितले आणि शिवाय एक छोटी चित्रफीत काढली: गेम मित्राला कसा द्यावा? एक माणूस खोके पुढे करतो, दुसरा घेतो आणि धन्यवाद म्हणतो. संपले. जगभर टाळ्या पडल्या, दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टने अटी मागे घेतल्या. आमच्या गल्लीतही त्या काळात देण्याघेण्याचा सुवर्णकाळ होता. माझी एक चकती शहापूरहून वडगाव, तिथून अनगोळ, तिथून कुणाच्या तरी मावशीकडे टिळकवाडीला जाऊन तीन महिन्यांनी परत आली, तेव्हा तिच्या चमकत्या बाजूवर कुंद्याच्या तुपाचा एक अख्खा अंगठा उमटलेला होता. तो मी धोतराच्या मऊ फडक्याने पुसला आणि गेम पहिल्यासारखा चालला. पुढे २०२० मध्ये दोन्ही पक्षांनी चकती घालायची फटच नसलेले कन्सोल आणले. २०२४ मध्ये सातशे डॉलरचा प्लेस्टेशन ५ प्रो आला, त्यालाही फट नाही. ती हवी असल्यास वेगळे पैसे मोजून जोडावी लागते. त्या चित्रफितीतले दोन गृहस्थ आता एकमेकांना काय देत असतील, याचा विचार निष्ठावंताने करू नये.

फट नसलेलाच कन्सोल घ्यावा, असा माझा सल्ला आहे. २ फेब्रुवारी २०२१ ला प्लेस्टेशन ५ भारतात आला तेव्हा चकतीचा ४९,९९० रुपयांना होता आणि बिनचकतीचा ३९,९९० ला. म्हणजे घरी सांगायला दहा हजारांची बचत झाली. २०२२ मध्ये दोन्हींचे भाव पाच-पाच हजारांनी वाढले, पण तेव्हाही बचत जागच्या जागी राहिली, हे विशेष. मोठ्या नव्या गेमची किंमत अनेकदा ४,९९९ रुपये असते. चकती असती तर खेळून झाल्यावर ती विकता आली असती, बदलता आली असती, किमान अनगोळला पाठवता आली असती. त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या गेमनंतर ती दहा हजारांची बचत कुठे गेली याचा हिशेब जुळेनासा होतो. हिशेब करू नये. पेट्रोल लिटरमागे काही रुपयांनी स्वस्त म्हणून कागलकडच्या गाड्या दूधगंगेचा पूल ओलांडून कोगनोळीला टाकी भरायला येतात, आणि पलीकडच्यांची ही काटकसर पाहून आपण हसतो. कन्सोलच्या बाबतीत तसा मोह नाही. खोक्यावर छापलेली किंमत पुलाच्या दोन्ही बाजूंना एकच आहे, आणि दोन्ही राज्यांत वाद नसलेल्या ज्या थोड्या गोष्टी उरल्या आहेत त्यांत तिची गणना करावी.

दुकानात जाण्याची पद्धतही सांगतो. खडेबाजारातल्या एका दुकानात मी भाच्याला घेऊन गेलो होतो. मालक गल्ल्यावर बसून एका गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, दुसऱ्याशी मराठीत आणि गोव्याहून आलेल्या तिसऱ्याशी कोकणीत बोलत होते, आणि तिघांनाही भाव मात्र एकाच कॅल्क्युलेटरवर दाखवत होते. काचेच्या कपाटात वरच्या फळीवर प्लेस्टेशनचे पांढरे खोके, खालच्या फळीवर एक्सबॉक्सचे काळे, दोन्हींवर सारखीच धूळ. भाच्याने अर्धा तास पांढऱ्याची बाजू मांडली. मी शेवटी विचारले, "अण्णा, दोन्हींतला चांगला कुठला?"

"साहेब," ते म्हणाले, "पांढरं ते रिकामं खोकं आहे, शोसाठी ठेवलंय. काळा आज शिल्लक आहे. म्हणजे काळाच चांगला. घेतासा का?"

अशा माणसाच्या नादी लागू नये. ज्याला बाजू नाही, नुसता माल आहे, तो निष्ठेचे वाटोळे करतो.

निन्टेन्डोचे दोन शब्दांत आटपतो. ती कंपनी आपले कन्सोल भारतात अधिकृतपणे विकतच नाही. जे मिळतात ते कुणाच्या तरी दुबईच्या भावोजींच्या बॅगेतून, हातांनी लिहिलेल्या पावतीवर, 'नो गॅरंटी' या शिक्क्यासह मिळतात. बिघडल्यावर दुकानात गेल्यास चहा पाजतात. ज्याला तिसऱ्या आघाडीत राहून सात्त्विक समाधान हवे आहे, त्याने खुशाल घ्यावा.

सर्वात महत्त्वाचे म्हणजे, थांबू नये. 'जरा दम धर, वर्षभरात उतरेल' हा आपल्या वडिलांचा सल्ला जुन्या जमान्यातला आहे. प्लेस्टेशन २ हा २००० मध्ये अमेरिकेत २९९ डॉलरला आला आणि वयानुसार उतरत उतरत २००९ मध्ये ९९ डॉलरवर गेला. म्हैस उतारवयाला लागली की बाजारात जे होते तेच झाले. आता उलट आहे. २०२० मध्ये ४९९ डॉलरला आलेला एक्सबॉक्स सिरीज एक्स हा २०२५ च्या मे महिन्यात ५९९ आणि ऑक्टोबरात ६४९ डॉलरचा झाला, आणि मध्ये ऑगस्टमध्ये सोनीनेही तिथे पन्नास डॉलर चढवले. कोणी आयातशुल्काकडे बोट दाखवतो, कोणी महागलेल्या चिपांकडे. कंपन्यांच्या पत्रकांत आर्थिक परिस्थिती आव्हानात्मक असल्याचे सांगितलेले असते. दोन वैरी एकाच वर्षी एकाच दिशेने भाव नेतात, तेव्हा स्पर्धा कुठे गेली, असे एखादा पंतोजी विचारील. त्याला सांगावे, की स्पर्धा आहे, आणि ती शहापूर विरुद्ध वडगाव अशी जोरात चालू आहे.

मध्यंतरी या स्पर्धेवर एक संकट आले. हेलो हा एक्सबॉक्सचा घरचा गेम. वीसहून अधिक वर्षे त्याच्या नावावर माणसांनी एक्सबॉक्स घेतले. २०२५ च्या ऑक्टोबरात, त्याची नवी आवृत्ती प्लेस्टेशनवरही येणार, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केले. वडगावच्या मुलाने दोन दिवस फोन उचलला नाही. भाचा म्हणाला, "आम्ही जिंकलो." तिसऱ्या दिवशी तो मुलगा आला आणि म्हणाला, आमच्या गेमसाठी आता तुम्हीही आमच्याच कंपनीला पैसे देणार, म्हणजे आम्हीच जिंकलो. दोघांनाही ते पटले. विजयाप्रीत्यर्थ किलोभर कुंदा आणायचे ठरले, पण भाच्याने आदल्याच आठवड्यात ४,९९९ चा गेम घेतलेला होता आणि त्याच्या मित्राची वर्गणी त्याच सकाळी वडिलांच्या कार्डातून कापली गेली होती, म्हणून पाव किलोच आला. माझ्याच घरी, माझ्याच ताटलीत, दोघांनी तो मधोमध चमच्याने रेघ ओढून वाटून घेतला, आणि रेघ कुणाच्या बाजूला सरकली यावर अर्धा तास भांडले.