बांधायला पैसे मिळतात, चालवायला कुठून आणायचे?

पुण्यातील सार्वजनिक वाहतुकीचा वाद सुरू झाला की तो फार लवकर 'मेट्रो हवी की नको' या जुन्याच वळणावर येतो. स्वारगेट–कात्रज भुयारी मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली, वनाजपासून चांदणी चौक आणि रामवाडीपासून वाघोली या विस्तारांना जून २०२५ मध्ये दिली, आणि दोन्ही वेळा आमच्या मित्रमंडळींत तेच दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. अमेरिकेतील सिएटल शहराच्या परिसरात राहत असल्यामुळे अशा वेळी साक्ष द्यायला मला हमखास बोलावले जाते. साक्ष द्यायला हरकत नाही, पण ती रुळांविषयी नाही. वाहतुकीतील गुंतवणूक म्हणजे बांधकाम, असे आपण पुण्यात धरून चाललो आहोत. बांधलेली व्यवस्था पुढची तीस वर्षे कोणाच्या पैशाने चालवायची, हा प्रश्न मात्र आपण दर वर्षीच्या अंदाजपत्रकाच्या ओढाताणीवर सोडून दिला आहे. माझ्या मते सगळे घोडे तिथेच अडले आहे.

बांधकामाच्या बाबतीत सिएटलकडून शिकण्यासारखे फारसे नाही, हे आधीच सांगितलेले बरे. इथल्या मतदारांपुढे १९६८ आणि १९७० मध्ये रेल्वेजाळ्याचा प्रस्ताव आला. दोन्ही वेळा आवश्यक असलेली ६० टक्के मते पडली नाहीत आणि त्यासाठी ठेवलेला केंद्राचा निधी अटलांटा शहराकडे गेला. पुढे १९९६ मध्ये प्रस्ताव मंजूर झाला, पण सिएटलमध्ये हलक्या रेल्वेची (लाइट रेल) पहिली गाडी धावायला २००९ साल उजाडले. पुण्यात डिसेंबर २०१६ मध्ये भूमिपूजन झाले आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वारगेटपर्यंत गाडी पोचली. सुमारे ३३ किलोमीटरचे काम आठ वर्षांच्या आत झाले. हे इथल्या सहकाऱ्यांना सांगितले की त्यांचा विश्वास बसत नाही.

शिकण्यासारखे आहे ते २०१४ सालच्या एका घडामोडीत, आणि त्यात रुळाचा एक मीटरही नव्हता. मंदीमुळे विक्रीकराचे उत्पन्न घटल्याने सिएटल ज्या काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येते त्या किंग काउंटीची बससेवा अडचणीत आली होती. एप्रिलमध्ये काउंटीभर मतदान होऊन करवाढ फेटाळली गेली. सप्टेंबरमध्ये प्रशासनाने आधी बजावल्याप्रमाणे २८ बसमार्ग खरोखरच बंद केले. नोव्हेंबरमध्ये सिएटल शहराने तोच प्रश्न फक्त आपल्या मतदारांपुढे ठेवला: प्रत्येक वाहनामागे वर्षाला ६० डॉलर आणि विक्रीकरात ०.१ टक्का वाढ, आणि त्या पैशातून मुख्यतः बससेवेचे जादा तास. प्रस्ताव मंजूर झाला. बस काउंटीच्या, चालक काउंटीचे, डेपो काउंटीचे. शहराने करार करून सेवेचे तास विकत घेतले आणि कोणत्या मार्गावर किती मिनिटांनी बस धावेल हे त्या करारात लिहून घेतले. दिवसभर दहा मिनिटांनी येणारी बस ज्यांच्या घरापासून दहा मिनिटे चालण्याच्या अंतरावर आहे अशी कुटुंबे शहरात २०१५ मध्ये सुमारे एक चतुर्थांश होती. २०१९ मध्ये ती सुमारे ७० टक्के झाली. या मधल्या काळात त्याच मार्गांवर रोज प्रवास करणाऱ्या माणसाला हा फरक आकडेवारीतून वाचावा लागला नाही. वेळापत्रक बघणे कधी सुटले हे त्याला कळलेही नसेल.

इथे मतदानाआधी प्रत्येक घरी एक पुस्तिका येते. त्या घरात कोणाला मतदानाचा हक्क असो वा नसो. प्रस्तावाचा मसुदा, कराचा दर, बाजूचे म्हणणे, विरोधी म्हणणे, आणि दोघांनी एकमेकांना दिलेले प्रत्युत्तर, असे सगळे त्यात छापलेले असते. पुढे दर वर्षी गाडीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचे पत्र येते, त्यात प्रादेशिक वाहतुकीच्या कराची ओळ वेगळी दाखवलेली असते, आणि ती रक्कम वाचून दर वर्षी कपाळाला आठी पडते. या आठीला मी कमी लेखत नाही. तिच्यामुळेच २०१९ मध्ये वॉशिंग्टन राज्यातील मतदारांनी वाहनकर ३० डॉलरवर आणणारा प्रस्ताव मंजूर केला. पुढच्या वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला म्हणून वाहतुकीचा निधी वाचला. पण पैसे कशासाठी जातात हे माहीत असल्यामुळे इथला माणूस बस उशिरा आली की हक्काने तक्रार करतो.

या पद्धतीची काळी बाजूही जवळून दिसते. साउंड ट्रान्झिट या प्रादेशिक संस्थेने २०१६ मध्ये २५ वर्षांचा, सुमारे ५४ अब्ज डॉलरचा आराखडा मतदानाला ठेवला. प्रदेशाचे पाच भाग पाडलेले आहेत आणि ज्या भागातून कर गोळा होतो त्याच भागाच्या उपयोगासाठी तो खर्च व्हावा, असा नियम आहे. ऐकायला न्याय्य वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक भागाला एकेक मार्ग कबूल करावा लागला, आणि गर्दी कुठे आहे यापेक्षा वाटणी कशी होईल याला महत्त्व आले. दक्षिणेकडील पिअर्स काउंटीत बहुमत विरोधात गेले, तरी कर तिथेही लागू आहे. त्यानंतर खर्चाचे अंदाज फुगले, वेस्ट सिएटलचा मार्ग २०३० वरून २०३२ वर आणि बॅलर्डचा २०३५ वरून २०३९ वर गेला, आणि मतदारांना दिलेला शब्द म्हणून कोणताही मार्ग सोडून देणे अवघड जाते. पुण्यात उद्या प्रत्येक मतदारसंघ आपापला विस्तार मागू लागला, आणि ती सुरुवात झालेलीच आहे, तर हे उदाहरण समोर असू द्यावे.

आता कात्रजचा रस्ता पाहू. डिसेंबर २००६ मध्ये याच रस्त्यावर पुण्याची प्रायोगिक बीआरटी, म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध थांबे आले, कठडे आले, पण बसची संख्या आणि मार्गिकेची राखण या दोन्हींसाठी पुरेसा खात्रीचा पैसा कधीच नव्हता. मार्गिकेत दुचाकी घुसल्या आणि लोकांनी बीआरटी हा प्रकारच फसला असा निकाल दिला. त्याच पट्ट्यात आता ५.४६ किलोमीटरसाठी २,९५४ कोटी रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे ५४० कोटी, मंजूर आहेत. भुयारी मेट्रोला माझा विरोध नाही. सातारा रस्त्यावरची गर्दी तिला साजेशी आहे. पण बीआरटी ज्या कारणाने फसली ते कारण जमिनीखाली गेल्याने नाहीसे होत नाही, कारण मेट्रोच्या स्थानकापर्यंत माणूस पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसनेच येणार आहे.

त्या पीएमपीची स्थिती काय? पुण्याची पीएमटी आणि पिंपरी-चिंचवडची पीसीएमटी या दोन बससेवा एकत्र करून २००७ मध्ये ही कंपनी झाली. तिची संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशी वाटून घेतात, आणि ती देताना दर वर्षी अशी भाषा होते की जणू नालायक मुलाचे कर्ज फेडावे लागत आहे. रस्ता झाडण्याच्या खर्चाला आपण तोटा म्हणत नाही, उड्डाणपुलाच्या खर्चालाही म्हणत नाही. सिएटलमध्येही तिकिटातून चालवण्याच्या खर्चाचा लहानसा हिस्साच निघतो. बाकीचा कोठून येणार हे आधी ठरलेले असते, एवढाच फरक. आपल्याकडे जून २०२५ मध्ये पीएमपीचे किमान भाडे पाचाचे दहा रुपये झाले, तेव्हा नगरसेवक जागेवर नव्हते. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, त्यामुळे जाब विचारायचा तरी कोणाला, हा प्रश्नच होता.

यावर मित्रांचे उत्तर ठरलेले असते की अमेरिकेतल्या शहरांना कर लावता येतो, आपल्याला येत नाही. मुद्दा खरा आहे. जकात गेली, स्थानिक संस्था कर गेला, आणि वस्तू व सेवा करानंतर महापालिकेच्या हाती मिळकतकर आणि बांधकाम परवानगीचे शुल्क एवढेच मोठे मार्ग उरले. पण पुणेकर वाहतुकीसाठी वेगळा कर देत नाही, हे खरे नाही. एप्रिल २०२२ पासून पुण्यात घर विकत घेताना मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार द्यावा लागतो. साठ लाखांच्या सदनिकेमागे साठ हजार रुपये होतात, आणि नोंदणीच्या धांदलीत ते कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. वाघोलीत किंवा मांजरीत घर घेणाऱ्या कुटुंबाला पुढची कित्येक वर्षे बसचाच आधार आहे. या अधिभारातील ठरावीक हिस्सा कायद्याने बससेवेच्या तासांसाठी राखून ठेवावा, आणि तो महापालिकांच्या सध्याच्या वाट्याला पर्याय न होता त्यावर भर म्हणून मिळावा, एवढी मागणी करायला मतदानाची गरज नाही. राज्य सरकारचा निर्णय पुरे आहे.

दुसरी मागणी हिशोबाची आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये सिएटलच्या उत्तर भागातील नॉर्थगेटपर्यंत गाडी सुरू झाली तेव्हा तिथून शहराच्या मध्यभागी जाणारा ४१ क्रमांकाचा बसमार्ग, भरगच्च चालत असूनही, बंद करण्यात आला आणि मोकळे झालेले तास आसपासच्या वस्त्यांतून स्थानकाकडे येणाऱ्या बसना देण्यात आले. काही जणांचा थेट प्रवास गेला, त्यांनी आरडाओरडाही केला. पण बदल कोणते होणार हे आधी जाहीर होऊन त्यावर सुनावण्या झालेल्या होत्या. पुण्यात बस एका कंपनीची, मेट्रोचे दोन मार्ग महामेट्रोचे, हिंजवडी–शिवाजीनगर मार्ग पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) देखरेखीखाली खासगी भागीदाराचा; त्यामुळे हा हिशोब मांडायची जबाबदारी नेमकी कोणाची, इथपासूनच सुरुवात आहे. म्हणून वाघोलीच्या विस्ताराचे खांब उभे राहण्याआधीच नगरसेवकांनी एक तक्ता मागावा: गाडी सुरू होईल त्या दिवशी नगर रस्त्यावरच्या बसच्या किती फेऱ्या मोकळ्या होतील, त्यांतल्या किती २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत आलेल्या ३४ गावांकडे वळतील, आणि त्या पुढची दहा वर्षे कोणत्या लेखाशीर्षातून चालतील.