शाळेत नास्तिक शिरू नये म्हणून

आपण कोल्हापुरातल्या एखाद्या अनुदानित शाळेच्या संचालक मंडळावर असाल किंवा मुख्याध्यापकाच्या खुर्चीत नुकतेच बसला असाल, तर आज ना उद्या एक पालक आपल्यासमोर येऊन विचारणार आहे की, परिपाठात मुलांना सगळ्या धर्मांतल्या बोधकथा सांगता, तर कोणताच धर्म न मानणारी माणसे कसा विचार करतात हे का सांगत नाही? हा गृहस्थ आवाज चढवत नाही, दिलेला चहा घेतो आणि घाईतही नसतो, त्यामुळे त्याला वाटेला लावणे अवघड जाते. त्याच्यासाठी थोडी पूर्वतयारी असलेली बरी.

प्रथम संविधानाचा आधार घ्यावा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि अनुदानित शाळेत ते पालकांच्या संमतीशिवाय लादता येत नाही, असे अनुच्छेद २८ सांगतो. तेव्हा ‘आमच्याकडे धर्म शिकवलाच जात नाही, मग धर्म न मानणे कुठून शिकवू?’ असे शांतपणे म्हणावे. हे उत्तर बिनतोड आहे. फक्त ते देताना मागच्या तसबिरीपुढची उदबत्ती फार धूर करत नाही ना आणि सत्यनारायणाच्या शिऱ्याची वाटी टेबलावर राहिलेली नाही ना, एवढे शिपायाकडून आधी पाहून घ्यावे.

पालकाचे लक्ष वाटीकडे गेलेच, तर दुसरे सूत्र वापरावे. ज्या गोष्टीत देव आहे तिला धर्म म्हणायचे नसते, संस्कार म्हणायचे असते. पाटीपूजन हा संस्कार, गणेशोत्सव ही संस्कृती, संक्रांतीचे हळदीकुंकू हे महिला सक्षमीकरण आणि नव्या इमारतीतली पूजा ही नुसती शुभ सुरुवात. याउलट ज्या गोष्टीत देव नाही ती मात्र विशिष्ट विचारसरणीचा प्रचार ठरते आणि शाळेसारख्या पवित्र ठिकाणी प्रचाराला थारा देता येत नाही.

इंग्लंडातल्या लोकांना हे साधले नाही, कारण त्यांनी वेळापत्रकातच धर्मशिक्षणाचा तास ठेवला. तास म्हटला की त्यात काय शिकवायचे हा प्रश्न आला, आणि प्रश्न आला की कोर्टकचेरी आली. २०१५ साली काही पालक आपल्या मुलांसह उच्च न्यायालयात गेले आणि परीक्षेच्या नव्या अभ्यासक्रमातून धर्मेतर जीवनदृष्टी वगळताना शिक्षणमंत्र्यांकडून कायद्याची चूक झाली, असा निर्णय घेऊन परतले. वेल्सने २०२१ साली कायदा करून विषयाचे नाव ‘धर्म, मूल्ये आणि नीतिविचार’ असे बदलले. २०२३ साली तर धर्मशिक्षणावर सल्ला देणाऱ्या स्थानिक समितीत मानवतावादी माणसाला तो केवळ धर्म मानत नाही म्हणून सदस्यत्व नाकारणे बेकायदा आहे, असे केंट परगण्यातल्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले. तिथल्या ताज्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७ टक्के लोकांनी ‘धर्म नाही’ असे लिहिले, हे खरे. पण मूळ चूक तासाची. आपण तासच ठेवलेला नाही, त्यामुळे धर्म परिपाठापासून स्नेहसंमेलनापर्यंत मोकळेपणाने वावरतो आणि त्यात वाटा मागायला कोणाला जागा सापडत नाही.

पालक वाचणारा असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ सालच्या निकालाचे नाव घेईल. धर्मांविषयी अभ्यास म्हणून शिकवणे म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, त्याला २८व्या अनुच्छेदाची आडकाठी नाही, असे त्यात म्हटले आहे. यावर वाद घालू नये. विषय अभ्यासक्रम मंडळाच्या अखत्यारीत असल्याचे सांगून मंडळाचा पत्ता लिहून द्यावा. वैज्ञानिक दृष्टिकोन आणि शोधक बुद्धी जोपासणे हे १९७६ पासून नागरिकांचे मूलभूत कर्तव्य आहे, असे तो म्हणालाच, तर त्याला जिन्यापाशी न्यावे. मूल्यशिक्षणातली दहा मूल्ये आपण तिथे प्रत्येक पायरीवर एक अशी तैलरंगात रंगवून घेतली असतीलच. ‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ त्यांत आहे आणि मुले रोज त्यावरून जातात.

येथवरचे काम कुठल्याही गावात जमते. कोल्हापुरात मात्र अडचणी जास्त, कारण इथे चौकाचौकांत त्या उभ्या आहेत. बिंदू चौकात १९५० पासून महात्मा फुले आणि बाबासाहेब शेजारी उभे आहेत, दसरा चौकात शाहू महाराज. २६ जूनला महाराजांना हार घालावाच लागतो. तो एवढा मोठा आणावा की मुलांना चेहरा दिसू नये. भाषणात वसतिगृहे सांगावीत, १९१७ चा सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम सांगावा, मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड होता हेही सांगावे, कारण त्यावर टाळ्या मिळतात. पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी भटजींनी वेदांतल्या वेदोक्त मंत्रांऐवजी शूद्रांसाठीचे मानले जाणारे पुराणोक्त मंत्र म्हटले, महाराजांनी त्याचा जाब विचारला आणि त्यातून केवढे रण माजले, एवढे मात्र वेळेअभावी गाळावे. महाराज नास्तिक नव्हते, फुल्यांनीही ‘निर्मिक’ म्हणजे जगाचा निर्माता मानलाच होता, हे आपल्या पथ्यावर पडणारे सत्य आहे. परंतु श्रद्धा असलेला माणूसही पुरोहिताला प्रश्न विचारू शकतो, असा भलता बोध त्यातून मुलांना होण्याचा धोका राहतो.

खरी पंचाईत पुढेच आहे. नास्तिक म्हणजे देव न मानणारा, असे आपण धरून चालतो. जुन्या दर्शनकारांच्या, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या शाखा मांडणाऱ्यांच्या, लेखी मात्र वेदांचे प्रामाण्य न मानणारा तो नास्तिक. त्या व्याख्येने चार्वाकाच्या रांगेत जैन आणि बौद्धही बसतात, आणि आपल्या हजेरीपटावर दोन्हींकडची मुले आहेत. जगाला कोणी कर्ता नाही, हे दुसऱ्या बाकावरच्या मुलीने घरी आजीकडून ऐकलेले असते. उलट आस्तिक म्हणवणाऱ्या सांख्यांचे आणि मीमांसकांचेही जगकर्त्या ईश्वरावाचून काही अडत नव्हते. म्हणजे ज्याच्यासाठी आपण दाराला कडी घालत होतो, तो केव्हाच आत येऊन हजेरी देऊन बसला आहे. यावर उपाय एकच, की दर्शनांचा विषयच काढू नये. चार्वाकाचे नाव निघालेच तर ऋण काढून तूप पिण्याची ओळ सांगून हशा मिळवावा. ती ओळ आपल्यापर्यंत त्याच्या विरोधकांच्या ग्रंथांतून आली आहे, हे सांगत बसू नये.

किरणोत्सवाच्या दिवसांत विशेष सावध राहावे. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला, तसेच ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वारातून अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात, हे मुलांना ठाऊक असते. एखादा चौकस मुलगा हिशेब करतो, दोन्ही तारखा २१ डिसेंबर या सर्वांत लहान दिवसापासून सारख्याच, म्हणजे सुमारे एक्केचाळीस दिवसांच्या अंतरावर आहेत असे त्याला दिसते आणि तो भूगोलाच्या सरांना कारण विचारतो. सरांनी कारण सांगितले, तर भाविक मुलगा आणि त्याच्या शेजारचा न मानणारा मुलगा दोघेही एकच आकृती वहीत काढतील, आणि कोणाच्याच भावना दुखावणार नाहीत, ही परिस्थिती हाताळण्याचा आपल्याला सराव नाही. तेव्हा त्या दिवशी शाळा अर्धी सोडावी.

फेब्रुवारीत दिनविशेषाच्या फळ्याकडेही लक्ष असू द्यावे. १९ तारखेची शिवजयंती थाटात करावी आणि तो मजकूर २० तारखेला तसाच राहू द्यावा. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेले कम्युनिस्ट नेते आणि लेखक गोविंद पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० तारखेला त्यांचे निधन झाले, ही नोंद लिहिण्याइतकी जागा मग फळ्यावर उरत नाही.

एवढे करूनही पालक उठला नाही, तर तो बहुधा दाखल्यासाठी आलेला असतो. धर्माच्या रकान्यात ‘नाही’ लिहा असे तो म्हणेल आणि धर्म सांगण्याची सक्ती शासन करू शकत नाही, हा मुंबई उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल पुढे ठेवेल. निकाल आदराने ठेवून घ्यावा, आवक नोंदवहीत क्रमांक टाकावा आणि दाखला लिपिकाकडे पाठवावा. ते आडनाव पाहून रकाना भरतात.